‘आठ रात्री’ : पट, फासे आणि गोलेम यांविषयी वाचकांच्या शंका

गेल्या अंकात या सदरात यहुदी लोककथांवर बेतलेल्या ‘आठ रात्री’ या छोट्या लढाईच्या खेळाची मांडणी दिली होती. तो खेळ घरच्या घरी तयार करून खेळलेल्या वाचकांची पत्रे विदर्भातील निरनिराळ्या तालुक्यांतून आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मागील अंक ज्यांच्यापाशी नाही त्यांना प्रश्नांचा संदर्भ लागावा म्हणून आधी नियम थोडक्यात सांगतो.

पट 7 बाय 7 असा 49 घरांचा असून मधले घर ही बाळंतिणीची खोली आहे. एका खेळाडूकडे गावाची बाजू असते : रब्बी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार गुरू, त्याने मातीतून घडवलेला गोलेम आणि दोन राखणदार. या 4 सोंगट्या खोलीला लागून असलेल्या 4 घरांत उभ्या राहतात. दुसऱ्या खेळाडूकडे नवजात बाळाच्या जिवावर उठणारी लिलिथ, माणसाच्या अंगात शिरणारा दिब्बुक आणि दोन शेद, म्हणजे या कथांतील साधी भुते, असतात आणि ती पटाच्या 4 कोपऱ्यांतून निघतात. एका रात्री प्रत्येक सोंगटीने उभ्याआडव्या दिशेने 2 घरांपर्यंत सरकायचे आणि लागून असलेल्या एका शत्रूवर एक वार करायचा. वार करताना 3 फासे टाकायचे (गोलेमने 4), आणि 5 किंवा 6 दाखवणाऱ्या प्रत्येक फाशामागे एक घाव धरायचा. लिलिथ 3 घावांनी पडते, इतर सोंगट्या 2 घावांनी. गोलेमला घाव लागत नाहीत. त्याच्या कपाळावर ‘एमेत’, म्हणजे ‘सत्य’, ही अक्षरे कोरलेली असतात. समोरून वार करणाऱ्याच्या दानात एखादा 1 पडला, तर पहिले अक्षर पुसले जाऊन ‘मेत’, म्हणजे ‘मृत’, उरते आणि गोलेमची माती होते. खोलीच्या दारावर तीन देवदूतांच्या नावांचे 3 ताईत असतात. दाराशी पोहोचलेल्या लिलिथच्या दानातील प्रत्येक घावाने एक ताईत गळतो, आणि तिन्ही गळाले की ती आत शिरू शकते. आठव्या रात्रीपर्यंत तिला अडवले तर गाव जिंकते. सात दिवसांत एक शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, येतोच. तो कोणत्या रात्री धरायचा हे आरंभी एक फासा टाकून ठरते आणि त्या रात्री गोलेम निश्चल उभा राहतो. एका डावाला 15 ते 20 मिनिटे लागतात.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांना खेळ आवडला, परंतु गोलेम चौथ्या रात्रीच्या आतच पडतो आणि मग गावाची बाजू घेतलेली मुले हिरमुसतात. एका 1 ऐवजी दोन 1 पडल्यावरच अक्षर पुसले जाते, असा बदल केला तर चालेल का? (एक शिक्षिका, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ताई, बदल करण्यास हरकत नाही, मात्र त्याआधी थोडा हिशेब पाहावा. तीन फाशांची एकूण 216 दाने संभवतात आणि त्यांपैकी 91 दानांत किमान एक 1 असतो. म्हणजे समोरून झालेल्या एका वारात गोलेम पडण्याची शक्यता सुमारे 42 टक्के आहे आणि असे दोन वार झाले तर ती जवळजवळ दोन तृतीयांश होते. दोन 1 लागतील असे ठरवले, तर 216 पैकी फक्त 16 दाने उपयोगी ठरतात, म्हणजे साडेसात टक्क्यांहूनही किंचित कमी. तसे केल्यास लागोपाठ 6 वार समोरून झाले तरी 100 पैकी 63 डावांत गोलेम उभाच राहील. मग दुसऱ्या बाजूची मुले हिरमुसतील. एका टोकाची अडचण सोडवताना आपण दुसऱ्या टोकाला जाऊन बसू.

आपल्या पत्रावरून असे वाटते की मुले गोलेमवर चारही बाजूंनी वार करीत आहेत. अक्षरे कपाळावर आहेत, पाठीवर नाहीत, आणि या नियमाचा सगळा जीव त्यातच आहे. गोलेमच्या तोंडासमोरचे घर एकच असल्यामुळे एका रात्री एकच शत्रू त्या अक्षराला हात घालू शकतो. बाकीच्यांनी पाठीमागून कितीही फासे टाकले तरी ते फुकट जातात. गोलेमच्या सोंगटीला ठळक नाक करावे, म्हणजे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर वाद होणार नाहीत. रब्बी गोलेमपासून 2 घरांच्या आत असेल तेव्हाच गोलेमला सरकवता किंवा वळवता येते, हेही मुलांना पुन्हा सांगावे. या दोन गोष्टी पाळल्या तर गोलेम बहुधा सहाव्या-सातव्या रात्रीपर्यंत टिकतो, आणि खेळाची खरी चुरस तेथेच सुरू होते.

प्रश्न : काका, मी गोलेमचे तोंड बाळंतिणीच्या खोलीकडे करून ठेवतो. त्याच्यासमोर खोलीच असल्यामुळे कोणी त्याच्यासमोर येऊच शकत नाही आणि तो कधीच मरत नाही. माझा भाऊ म्हणतो की ही लबाडी आहे. नियमात तर तसे लिहिलेले नाही. (इयत्ता आठवीचा विद्यार्थी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : बाळा, नियमात जे लिहिलेले नाही ते शोधून काढणे ही लबाडी नव्हे. खेळ तयार करणाऱ्याच्या दृष्टीने असा खेळाडू फार मोलाचा असतो. तुझ्या युक्तीमुळे नियमातील एक मोठी फट उघडी पडली आहे आणि ती बुजवायला हवी.

ती बुजवण्यासाठी एखादे बंधन मनाने रचण्यापेक्षा मूळ कथा काय सांगतात ते पाहू. तालमूद हा यहुदी धर्मशास्त्रावरील चर्चांचा प्राचीन ग्रंथ आहे. त्यातील ‘हगीगा’ या भागात भुतांविषयी असे म्हटले आहे की तीन बाबतींत ती देवदूतांसारखी असतात आणि तीन बाबतींत माणसांसारखी. देवदूतांप्रमाणे त्यांना पंख असतात, ती जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडतात आणि पुढे काय घडणार ते त्यांना कळते. माणसांप्रमाणे ती खातात-पितात, त्यांना संतती होते आणि ती मरतात. लिलिथला पंख असल्याचा उल्लेखही तालमूदमध्ये आहे. मग पाठ फिरवून उभ्या असलेल्या मातीच्या पुतळ्यावरून उडून जाण्यात तिला कसली अडचण? म्हणून नवा नियम असा : गोलेमच्या पाठीमागील घरात असलेली लिलिथ त्या रात्रीची आपली दोन्ही घरांची चाल खर्च करून त्याच्यावरून थेट दाराशी झेप घेऊ शकते आणि त्याच रात्री ताइतांवर फासे टाकू शकते. गोलेमचे तोंड तिच्याकडे असेल तर ती झेप घेऊ शकत नाही. शिवाय गोलेम ज्या दिशेला पाहतो त्याच दिशेला वार करतो, त्यामुळे खोलीकडे तोंड करून उभा असलेला गोलेम कोणालाच मारू शकत नाही. गोलेम वाचवायचा की खोली राखायची, हे आता तुला दर रात्री ठरवावे लागेल. भावालाही हा नियम वाचून दाखव.

प्रश्न : रब्बी मारला गेला तर गोलेमचे काय होते? (ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : त्याला शेवटी ज्या दिशेला वळवले असेल त्याच दिशेला तो दर रात्री 2 घरे चालत राहतो आणि वाटेत जो येईल त्याच्यावर, तो आपला असो वा परका, 4 फाशांनी वार करतो. पटाची कड आली की तो उलट फिरतो. गोलेमला बोलता येत नाही आणि सांगितलेल्या कामापलीकडे त्याला काही कळत नाही, हे या कथांतील सर्वांत जुने सूत्र आहे. तालमूदमधील एका कथेत रावा नावाचे पंडित एक माणूस निर्माण करतात आणि त्याला रब्बी झेरा यांच्याकडे पाठवतात. झेरा त्याच्याशी बोलतात, तो उत्तर देत नाही, तेव्हा ते ओळखतात आणि त्याला पुन्हा मातीत मिळण्यास सांगतात. पुढच्या काळातील कथांत हाच मुका सेवक पाणी भरायला सांगितले म्हणून घर बुडेपर्यंत पाणी आणत राहतो.

जर्मन लोककथांचे संग्राहक याकोब ग्रिम यांनी 1808 मध्ये छापलेली पोलंडमधील गोलेमची कथा तर याहून भयंकर आहे. तिच्यातील गोलेम रोज वाढत जातो आणि एके दिवशी मालकाचा हात त्याच्या कपाळापर्यंत पोहोचेनासा होतो. मालक त्याला आपले जोडे काढायला सांगतो, तो खाली वाकतो, मालक चटकन अक्षर पुसतो आणि मातीचा सगळा ढीग मालकाच्याच अंगावर कोसळून तो चिरडला जातो. खेळात याचा उपयोग करायचा असेल तर रब्बीलाही अक्षर पुसण्याचा अधिकार द्यावा. तो गोलेमसमोर उभा राहून फासे न टाकता अक्षर पुसू शकेल, मात्र त्यानंतर एक फासा टाकून 1 किंवा 2 पडल्यास रब्बीही पटावरून जाईल. गोलेम हाताबाहेर जाण्याच्या बेतात असताना हा निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा दोन्ही खेळाडू पटावर वाकून बसतात.

प्रश्न : भाऊ, आम्ही शेतातल्या मातीचा गोलेम केला. दोन दिवसांत त्याला तडे गेले आणि हात गळून पडला. खेळ मातीचाच हवा, असा आमच्या पोरांचा हट्ट आहे. काय करावे? (एक शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्याकडील कपाशीची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. सोंगटीएवढ्या गोळ्यातही तेच घडते, आणि अंगापेक्षा बारीक असलेला हात आधी वाळून तुटतो. यावर तीन उपाय सांगतो. पहिला म्हणजे हात वेगळे चिकटवू नयेत. अंगठ्याएवढा एकसंध गोळा घ्यावा आणि हात-पाय काडीने रेघ ओढून दाखवावेत. गोलेम हा अपुरा, ओबडधोबडच असतो, त्यामुळे त्यात कथेशी काही विसंगत होत नाही. दुसरा म्हणजे काळ्या मातीऐवजी तलावातील किंवा नदीकाठचा गाळ घ्यावा, त्यात चाळलेली बारीक वाळू चांगली मिसळून मळावी आणि सोंगट्या उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवाव्यात. तिसरा उपाय सर्वांत सोपा आहे. पोळ्यासाठी मातीचे बैल करणारा कुंभार गावात किंवा शेजारच्या गावात असेल तर त्याच्याकडून तयार माती मागून आणावी. त्याने ती आधीच मळून, काय मिसळायचे ते मिसळून ठेवलेली असते, आणि बैलांबरोबर त्याने 4 सोंगट्या भाजून दिल्या तर त्या वर्षानुवर्षे टिकतील.

कपाळावरील अक्षरे हिब्रूत कशी लिहावीत, असेही आपल्या पोरांनी विचारले आहे. त्याची गरज नाही. देवनागरीत ‘एमेत’ लिहून त्यातील ‘ए’ पुसला तरी ‘मेत’च उरते. अक्षरे ओल्या खडूने लिहावीत म्हणजे प्रत्येक डावात पुसता येतील. मुलांना ते पुसण्यातच अर्धी गंमत वाटते.

प्रश्न : दिब्बुक राखणदाराच्या अंगात शिरतो, या नियमाला आमच्या गावातील दोन पालकांनी आक्षेप घेतला. आधीच गावात अंगात येणे, उतारा, भगत हे प्रकार आहेत. अशा खेळाने अंधश्रद्धा वाढणार नाही का? (एक मुख्याध्यापक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्या पालकांची काळजी मला रास्त वाटते.

ज्यांनी तो नियम वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी नियम सांगतो. दिब्बुक घाव घालत नाही. तो 3 फासे टाकतो आणि त्यांत किमान दोन फासे सारखे पडले, म्हणजे 216 पैकी 96 दानांत, लागून असलेला राखणदार पुढची रात्र त्याच्या ताब्यात जातो. तो राखणदार मग शत्रूच्या मर्जीने चालतो. त्याच्याजवळ असलेला रब्बी 3 फासे टाकतो, बेरीज 10 किंवा अधिक झाली तर दिब्बुक बाहेर पडतो आणि तशी दाने 135 आहेत. दहा हा आकडा उगाच घेतलेला नाही. यहुदी परंपरेत सामूहिक प्रार्थनेसाठी 10 प्रौढांचा मेळा लागतो, आणि दिब्बुक घालवण्याच्या कथांतही तो मेळा जमवला जातो. दिब्बुक म्हणजे मृत माणसाचा भटकणारा आत्मा. 16व्या शतकात गॅलिलीतील त्साफत या गावी जमलेल्या गूढवादी पंडितांच्या काळापासून या कल्पनेला जोर आला आणि पुढे पूर्व युरोपातील यहुदी वस्त्यांत अशा कथा फार पसरल्या. शरीराला इजा होऊ नये म्हणून दिब्बुकाला पायाच्या करंगळीतून बाहेर पडायला सांगतात, हा त्या कथांमधला एक तपशील मला फार मार्मिक वाटतो.

आता आक्षेपाविषयी. गोष्ट सांगणे आणि गोष्टीवर उपचार बेतणे यांत अंतर आहे आणि कायदाही ते अंतर ओळखतो. महाराष्ट्राने 2013 मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे अशी कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. त्यासाठी 6 महिने ते 7 वर्षे इतक्या कैदेची तरतूद आहे. पटावरची सोंगटी शत्रूच्या बाजूला जाणे या कशातच बसत नाही. तरीही मी शाळेसाठी तीन पथ्ये सुचवीन. मुलांनी अंगात आल्याचा अभिनय करू नये. सोंगटी फिरली एवढेच पुरे. कोणत्याही खऱ्या माणसाचे, विशेषतः गावातील एखाद्या आजारी बाईचे, नाव सोंगटीला देऊ नये, कारण अशा थट्टेची किंमत ती बाई मोजते. आणि डाव संपल्यावर कोणी विचारलेच, तर ज्याला पूर्वी दिब्बुक म्हणत त्यातील पुष्कळसे आज मानसिक आजार म्हणून ओळखले जाते आणि त्यावर जिल्हा रुग्णालयात उपचार मिळतात, हे शिक्षकांनी सरळ शब्दांत सांगावे. उलट असे बोलणे सुरू होण्यासाठी हा खेळ चांगले निमित्त ठरू शकेल. एवढे करूनही पालकांचे समाधान झाले नाही तर दिब्बुक बाजूला ठेवून त्याच्या जागी तिसरा शेद घ्यावा. खेळ थोडा सपाट होतो, पण मोडत नाही.

प्रश्न : कोकणात मराठी बोलणारे यहुदी आहेत असे ऐकले आहे. गोलेम ही त्यांचीच कथा का? (एक ग्रंथपाल, ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : नाही. गोलेम आणि दिब्बुक या कथा मुख्यतः मध्य आणि पूर्व युरोपातील यहुदी समाजात वाढल्या. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा वेगळी आहे. आपले पूर्वज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची समजूत आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, रोहेकर, किहिमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, मुंबईत 1796 मध्ये बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेला पेसाह सणाचा ग्रंथ या गोष्टी पाहिल्या की हा समाज मराठीत किती खोल रुजला आहे ते ध्यानात येते.

मात्र आपल्या प्रश्नामुळे खेळात एक चांगली भर घालता येईल. बेने इस्राएल लोक नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून ते एलियाहू हनावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचे स्मरण करतात. अलिबागजवळच्या खंडाळा येथील खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, अशीही श्रद्धा आहे. गंमत अशी की हेच एलिया युरोपातील बाळंतिणीच्या ताइतांवरही भेटतात. त्या ताइतांवरील कथेत बाळंतिणीकडे निघालेली लिलिथ त्यांना वाटेत गाठ पडते, आणि ते तिला आपली सगळी नावे सांगायला भाग पाडतात. ती नावे जेथे लिहिलेली असतील तेथे ती फिरकणार नाही, असा शब्दही ते घेतात. म्हणून गावाच्या बाजूला एक ‘एलिया’ चिठ्ठी द्यावी. संपूर्ण डावात एकदाच ती दाखवून लिलिथला पटावरील कोणत्याही कोपऱ्यात परत पाठवता येईल. ती सहाव्या रात्रीच्या आत वापरली तर बहुधा वाया जाते, एवढे अनुभवी खेळाडू लवकरच शिकतील.

प्रश्न : आम्हा मित्रांना खेळ जरा सोपा वाटतो. भुतांचा राजा वगैरे कोणी नाही का? (पवनी, जि. भंडारा येथील महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : आहे, आणि तो या कथांतील सर्वांत देखणे पात्र आहे. त्याचे नाव अश्मेदाई. तो नुसता दांडगा नाही. तो रोज स्वर्गातील विद्यापीठात आणि नंतर पृथ्वीवरील विद्यापीठात जाऊन अध्ययन करतो, असे तालमूद सांगते. शलमोन राजाला यरुशलेमचे मंदिर लोखंडी हत्यार न वापरता बांधायचे होते आणि त्यासाठी दगड चिरणारा ‘शामीर’ नावाचा अद्भुत जीव हवा होता. त्याचा ठावठिकाणा अश्मेदाईकडून काढण्यासाठी राजा आपला सरदार बनाया याला ईश्वराचे नाव कोरलेली साखळी देऊन पाठवतो. अश्मेदाई ज्या झाकलेल्या हौदाचे पाणी पितो त्यातील पाणी बनाया खालून काढून घेतो आणि वरून त्यात द्राक्षाचा मद्यरस भरतो. अश्मेदाई आधी नाकारतो, पण तहान अनावर झाल्यावर पितो, झोपतो आणि बांधला जातो. वाटेत एक वरात पाहून तो रडतो, कारण तो नवरदेव 30 दिवसांत मरणार हे त्याला दिसते. कोणी एकजण चांभाराकडे 7 वर्षे टिकतील असे जोडे मागतो, तेव्हा तो हसतो, कारण त्या माणसापाशी 7 दिवसही उरलेले नाहीत.

पुढे शलमोन फुशारकीने त्याची साखळी सोडतो आणि आपली अंगठीही त्याच्या हाती देतो. अश्मेदाई राजाला 400 परसांग, म्हणजे शेकडो कोस, दूर भिरकावून देतो आणि स्वतः त्याचे रूप घेऊन सिंहासनावर बसतो. खरा राजा दारोदार भीक मागत ‘मी राजा होतो’ असे सांगत फिरतो. दरबारी पंडितांना संशय येतो तो या तोतयाच्या पायांवरून, कारण तो कधी मोजे काढत नाही. भुतांचे पाय कोंबड्यासारखे असतात. रात्री बिछान्याभोवती चाळलेली राख पसरावी, सकाळी तिच्यात कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतात, असेही तालमूदमध्ये अन्यत्र म्हटले आहे.

एवढी सामग्री हाती असताना अश्मेदाईला केवळ ‘5 फासे टाकणारा मोठा राक्षस’ करणे म्हणजे त्याचा अपमान ठरेल. यहुदी नाव दिलेली पण कोठल्याही खेळात बसेल अशी सोंगटी मला मान्य नाही. तो असा खेळावा : दोन्ही शेद काढून त्यांच्या जागी अश्मेदाई घ्यावा. त्याची आणि रब्बीची सोंगटी वरून अगदी सारखी असावी, मात्र अश्मेदाईच्या तळाला कोंबड्याचा पाय काढलेला असावा. त्याने रब्बीला दुसरा घाव घातला की रब्बी मरत नाही, तर पटाच्या कडेला फेकला जातो. त्या वेळी भुतांचा खेळाडू दोन्ही सोंगट्या पाठीमागे घेऊन, एक रब्बीच्या जागी आणि एक कडेला, अशा मांडतो. मूळ जागी कोण उभा आहे हे त्यालाच ठाऊक असते, आणि गोलेम त्या जागेवरील सोंगटीचे ऐकतो. गावाचा खेळाडू एका रात्रीचे सर्व वार सोडून ‘राख पसरू’ शकतो. तेव्हा तो एक फासा टाकतो आणि 4 किंवा अधिक पडले तर सोंगटी उलटी करून तळ पाहतो. अश्मेदाईला घाव लागत नाहीत. ओळखला गेला की त्याला साखळी पडते आणि तो उरलेल्या रात्री निश्चल राहतो. अशा डावाला अर्धा तास लागतो, म्हणून नवशिक्यांनी आधी साधे 3-4 डाव खेळून घ्यावेत.

प्रश्न : प्रागच्या एका प्रार्थनामंदिराच्या माळ्यावर गोलेम अजून ठेवलेला आहे, हे खरे का? (ता. रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : ती दंतकथा आहे. ज्यांच्या नावाशी ती जोडली जाते ते रब्बी यहुदा लोव ही खरी ऐतिहासिक व्यक्ती होती. ते 1609 मध्ये प्राग येथे वारले आणि तेथील जुन्या यहुदी दफनभूमीत त्यांची कबर आहे. 1270च्या सुमारास बांधलेले ते प्रार्थनामंदिरही उभे आहे. पण त्यांनी गोलेम घडवल्याच्या कथा छापील स्वरूपात 19व्या शतकात दिसू लागतात, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी.

प्रश्न : आमच्याकडे बाजारात लुडोचा एकच फासा मिळतो. तीन-चार फाशांऐवजी कवड्या किंवा फोडलेले चिंचोके वापरता येतील का? (ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : या खेळासाठी वापरू नयेत. पटावर सोंगट्या चालवताना कवड्या आणि चिंचोके उत्तम, कारण तेथे दोन्ही खेळाडूंना सारखीच दाने लागतात आणि कवडी एका अंगावर जास्त पडली तरी ती दोघांनाही जास्त पडते. येथे मात्र एका बाजूला 5-6 हवे असतात आणि गोलेमवर वार करणाऱ्याला 1 हवा असतो, त्यामुळे फाशाचा कल कोणत्या तरी एका बाजूच्या पथ्यावर पडतो. एकच फासा तीनदा टाकला तरी शक्यता तीच राहते, फक्त वेळ अधिक लागतो. ते नको असेल तर 1 ते 6 आकड्यांच्या सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या तांब्यात घालून एक काढावी, आकडा मोठ्याने सांगावा, चिठ्ठी परत टाकून तांब्या हलवावा आणि दुसरी काढावी. चिठ्ठी परत टाकायला विसरले तर तिन्ही आकडे नेहमीच वेगवेगळे येतील आणि दिब्बुकाला जोडी कधीच मिळणार नाही.

प्रश्न : आरंभी शब्बाथसाठी फासा टाकल्यावर 1 पडला तर पहिल्या रात्रीनंतर आठव्या रात्रीही शब्बाथ येतो. म्हणजे गोलेम दोनदा निश्चल राहणार. हा गावावर अन्याय नाही का? (ता. नरखेड, जि. नागपूर)

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे आणि तो परंपरेलाही धरून आहे, कारण शब्बाथला जन्मलेल्या मुलाचा सुंता विधी आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या शब्बाथलाच होतो. त्या विधीच्या आदल्या रात्री जागरण करण्याची प्रथा युरोपातील यहुदी समाजात होती आणि आपल्या खेळातील आठवी रात्र तिच्यावरूनच घेतली आहे. अन्याय मात्र वाटतो तेवढा नाही. पहिल्या रात्री भुते कोपऱ्यांतून नुकतीच निघालेली असतात, बहुधा कोणी कोणाला लागून नसते, त्यामुळे गोलेम निश्चल राहिल्याने फारसे बिघडत नाही. शब्बाथला त्याच्या कपाळावरील अक्षर काढून ठेवलेले असते, म्हणून त्या रात्री ते कोणाला पुसताही येत नाही. राहिली आठवी रात्र. त्या रात्री लिलिथ गोलेमवरून कोणत्याही दिशेने झेप घेऊ शकते, आणि गावाला केवळ दोन राखणदार आणि रब्बी यांच्या बळावर दार राखावे लागते. जे खेळाडू सातव्या रात्रीच दोन्ही राखणदार दाराशी आणून ठेवतात आणि एलियाची चिठ्ठी तोवर हातात राखतात त्यांना ही रात्र निभावता येते. तरीही नवख्या मुलांना ते जड जात असेल, तर सोंगट्या मांडण्यापूर्वी दोघांच्या संमतीने तो फासा एकदा पुन्हा टाकावा. सोंगट्या मांडल्यावर मात्र पडलेले दान बदलू नये.